आवंढा, ठसका आणि बोंडलं



पुढं वाचण्याआधी एक आवंढा गिळा पाहू. गिळलात? आता दुसरा प्रयोग. आवंढा गिळता गिळता त्याच क्षणी श्वास आत घेऊन दाखवा. (तोंडात पाणी-बिणी घ्यायचं नाही हं, नुसती थुंकी!) जमतंय? नाही ना? कितीही मोठा पैलवान असला तरी जमत नाही. आता तिसरा. गळ्याच्या पुढच्या बाजूला जो टणक उंचवटा हाताला लागतो, त्यावर बोट ठेवा आणि पुन्हा गिळा. उंचवटा टुणकन वर उडी मारतो आणि परत जागेवर येऊन बसतो.

ही उडी आपण दिवसातून शेकडो वेळा मारतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. आज या उडीचीच गोष्ट आहे.

परभणीचं रेल्वे स्टेशन ज्यांनी पाहिलंय त्यांना ती लवकर कळेल. मनमाडकडून आलेला लोहमार्ग परभणीला पोचला की पुढं दोन वाटा फुटतात. एक पूर्ण्यावरून नांदेडला जाते, दुसरी गंगाखेडवरून परळीला. परळीची गाडी नांदेडच्या वाटेला लागू नये म्हणून रुळांचा सांधा बदलावा लागतो. पूर्वी सांधेवाला खटका ओढून तो बदलायचा, आता केबिनमधून बटणावर बदलतो. पण वेळेवर बदलावाच लागतो.

तुमच्या घशातही असंच जंक्शन आहे. वरून दोन वाटा येतात, नाकाची आणि तोंडाची. खाली दोन वाटा जातात, पुढं श्वासनलिका आणि तिच्या मागं अन्ननलिका. एरवी वाट हवेसाठी मोकळी असते. घास आला रे आला की क्षणभर श्वास थांबतो. श्वासनलिकेचा वरचा भाग उचलला जातो (तीच तुमच्या बोटाखालची उडी) आणि त्यावर झाकण पडतं. त्याच वेळी टाळूचा मागचा मऊ भाग वर उठतो आणि नाकाकडची वाट बंद करतो. म्हणजे दोन दारं बंद, एक उघडं. घास सरळ अन्ननलिकेत. तीसाहून जास्त स्नायू यात भाग घेतात आणि सगळा कारभार जेमतेम एका सेकंदाचा. सांधा चुकला की ठसका लागतो. मग आई डोक्यावर थापट्या मारते आणि म्हणते, "वर बघ, वर बघ!"

आपल्याला ठसका लागला तर हसण्यावारी नेता येतं. पण हेच काम तान्ह्या बाळाला करायचं असतं, आणि त्याचं पोट दुसऱ्या कशानंच भरत नाही. ओढ, गिळ, श्वास घे. ओढ, गिळ, श्वास घे. साधारण सेकंदाला एक ओढ. बाळ आईच्या पोटात असतानाच याची तालीम सुरू करतं. भोवतालचं पाणी ते गिळत असतं. शेवटच्या महिन्यात तर दिवसाला अर्धा लिटरहूनही जास्त! पण ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा ताल नीट जुळतो तो साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास. त्याआधीच जे बाळ जन्माला येतं त्याला भूक असते, तोंड असतं, पण ताल नसतो.

आता समजा, तुमच्या ताईला बाळ झालंय.

जिंतूर तालुक्यातलं एखादं गाव धरा. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, म्हणजे तुमच्याच घरी. तुम्ही सातवी-आठवीत आहात आणि एकदम मामा झाला आहात. (मुली असाल तर मावशी. पण आज शेवटी मामाचं थोडं काम आहे, तेव्हा मावश्यांनी रागावू नये.) बाळ जन्मलं तेव्हा पावणेतीन किलोचं होतं. आज एकवीस दिवस झाले. आशाताई आल्यात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला घरी येऊन पाहायचे त्यांचे दिवस ठरलेले असतात, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. घरी जाऊन बाळांची अशी देखभाल केली तर कितीतरी बाळं वाचतात, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून दाखवून दिलं. १९९९ साली त्यांचा तो अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. देशभरातल्या आशाताईंच्या फेऱ्या २०११ पासून सुरू झाल्या.

तर आशाताईंनी झोळीच्या काट्याला बाळ अडकवलं. काटा अडीच किलोवर!

जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळ थोडं उतरतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं, आणि पुढं रोज वीस-तीस ग्रॅम वाढायला हवं. तीन आठवड्यांनीही काटा खालीच असेल तर दूध कुठंतरी अडतंय.

गंमत म्हणजे हे बाळ दूध पीत नाही असं कुणी म्हणणार नाही. उलट ते सारखं पीतच असतं. तास तास. पितं, थकतं, झोपतं, पाच मिनिटांत पुन्हा रडतं. पिताना कपाळावर घाम फुटतो. पिताना 'टक टक' असा आवाज येतो. मधूनच ठसका लागतो. आणि आणखी एक गोष्ट तुम्ही पाहिलेली असते. ती मोठ्यांनीही पाहिलेली असते, पण न पाहिल्यासारखी सोडून दिलेली असते. दूध नाकातून येतं.

घरात ताई सोडून सगळेच डॉक्टर असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. शेजारच्या काकू म्हणतात, "हिला दूधच कमी." आत्या म्हणते, "गुटी उगाळून द्या, मधाचं बोट चाटवा." आजी दृष्ट काढते. मग तिला काहीतरी आठवतं आणि ती कपाळाला हात लावते, "अगं माय, सातव्या महिन्यात गिराण झालं तवा ही भाजी चिरीत बसली होती की गं!" झालं. सगळ्यांच्या नजरा ताईकडं वळतात. ताई काही बोलत नाही. बाळाला घेऊन भिंतीकडं तोंड करून बसते.

(मध्येच सांगून टाकतो. पहिले सहा महिने आईचं दूध, बस्स. पाणी नाही, गुटी नाही, साखरपाणी नाही. मध तर वर्षभर नाही, कारण त्यात कधी कधी असे जंतू असतात की ते तान्ह्या बाळाला फार महागात पडतात. आत्याला हे तुम्ही कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.)

आशाताई चिठ्ठी देतात. एस.टी.नं परभणी. तिथले बालरोगतज्ज्ञ बाळाला तपासतात. बाळाची छाती जरा वाजतेय. नाकातून बारीक नळी घालून ते बाळाच्या पोटात आईचंच काढलेलं दूध पोचवतात, चार दिवसांत बाळ जरा टवटवीत होतं, आणि मग ते आणखी एक चिठ्ठी लिहितात. ती तुम्ही बसमध्ये मोठ्यानं वाचायचा प्रयत्न करता. 'पेडियाट्रिक गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट.' आजी दचकते. "गॅस्ट्रो? लेकराला गॅस्ट्रो झाला का काय?"

नाही. पावसाळ्यात घाण पाण्यानं जी साथ येते तिला आपण 'गॅस्ट्रो' म्हणतो खरं, पण तो त्या लांबलचक शब्दाचा नुसता एक तुकडा आहे. गॅस्ट्रो म्हणजे जठर, एंटेरो म्हणजे आतडी. पेडियाट्रिक म्हणजे मुलांचा. थोडक्यात, लहान मुलांच्या पोटाचे डॉक्टर. बारावीनंतर एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षं, मग बालरोगाची तीन, मग फक्त पोटाची आणखी तीन. म्हणजे साडेअकरा वर्षं! म्हणूनच असे डॉक्टर थोडे आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. परभणीत २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पण या खास डॉक्टरांसाठी अजून गाडीच पकडावी लागते. ताई, दाजी, आजी आणि हट्ट धरून तुम्ही, अशी वरात रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला निघते. साडेपाचशे किलोमीटर.

घशाच्या तक्रारीला पोटाचे डॉक्टर कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण पोट ही एक लांब नळी आहे आणि ती ओठांपासून सुरू होते. पहिल्याच फाटकात गाडी अडली तर पुढच्या स्टेशनांना काय अर्थ?

बाहेरच्या बाकांवर बसलेली बाळं पाहिलीत तर या डॉक्टरांचं काम तुम्हाला निम्मं कळेल. एक गुबगुबीत बाळ आईच्या खांद्यावर भसकन दूध टाकतं आणि वर हसतं. त्याची आई काळजीत, पण डॉक्टर निश्चिंत. जठराच्या तोंडाशी जो आवळणारा स्नायू असतो तो तान्हेपणी सैल असतो. बाळ वाढत असेल, हसत असेल, तर अशी गुळणी वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबते. औषध नको, आईला धीर हवा. (उलटी हिरवी असेल, रक्ताची असेल किंवा बाळ मलूल पडत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्याच पावली दवाखाना.) शेजारच्या बाळाच्या पाठीवर काखेखाली टाक्यांची खूण आहे. ते जन्मलं तेव्हा त्याची अन्ननलिका मधेच बंद होती. तोंडाला फेस येत होता. अशी बाळं पूर्वी वाचतच नसत. १९४१ साली अमेरिकेत डॉ. कॅमेरॉन हेट यांनी अशा बाळाच्या नळीची दोन्ही टोकं एकाच शस्त्रक्रियेत जोडली आणि ते बाळ जगलं. आज ही शस्त्रक्रिया आपल्याकडंही होते. पण जोडलेल्या नळीतून घास नीट उतरतोय ना हे पुढं वर्षानुवर्षं पाहावं लागतं, म्हणून हे बाळ इथं.

आणि एक अगदी मुठीएवढं बाळ आहे, नाकाला नळी चिकटवलेलं. आठ महिने भरण्याआधीच जन्मलेलं, तालीम अर्धवट राहिलेलं. त्याला नळीतून आईचं दूध देतात, आणि ते पोटात उतरत असताना तोंडात काहीतरी चोखायला देतात, म्हणजे 'चोखलं की पोट भरतं' हे त्याला कळावं. अशा बाळाच्या आईला दूध येत नसेल तर? याच मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आईच्या दुधाची पेढी सुरू केली. रक्तपेढी असते तशी दूधपेढी. ज्या आयांना जास्त दूध येतं त्या देतात, ते तपासून, ठराविक तापवून, गोठवून ठेवतात आणि गरजू बाळांना देतात. आशिया खंडातली अशी ती पहिली पेढी.

तुमचा नंबर लागतो. आता तुम्हाला वाटतं की डॉक्टर एकदम मोठमोठ्या यंत्रांत बाळाला घालतील. तसं काही होत नाही. ते खुर्ची ओढून ताईसमोर बसतात आणि विचारतात. एकदा पाजायला किती वेळ लागतो? दिवसाला लंगोट किती ओले होतात? ठसका आधी लागतो की शेवटी? घाम? ओठ निळे पडतात का? आजी उत्तर द्यायला जाते तेव्हा ते हसून म्हणतात, "आजी, तुम्हालाही विचारणार आहे, पण आधी हिला बोलू द्या." इतक्या दिवसांत ताईला कुणी पहिल्यांदाच पूर्ण बोलू दिलेलं असतं.

मग ते म्हणतात, "आता माझ्यासमोर पाज." पडदा ओढून घेतात आणि जवळजवळ वीस मिनिटं नुसतं बघतात. जबडा कसा हलतो, गिळल्यावर श्वास कधी येतो, बाळ कधी थकतं. या सगळ्या कामातलं हे सगळ्यात अवघड काम आहे, असं मला वाटतं. गर्दीच्या दवाखान्यात वीस मिनिटं गप्प बसून एका बाळाकडं बघणं! बाहेर येऊन ते तुम्हाला विचारतात, "काय मामा, तू काय काय पाहिलंस?" आणि तुम्ही धीर करून सांगता, "नाकातून दूध येतं. आणि टक टक वाजतं."

डॉक्टर मान हलवतात. हातमोजा घालतात, करंगळी बाळाच्या तोंडात सरकवतात आणि टाळूवरून मागं मागं नेतात. मग जीभ दाबून टॉर्चचा झोत अगदी आतपर्यंत सोडतात. "सापडलं," ते म्हणतात. "टाळूला फट आहे."

"टाळूला?" आजी चमकते. "टाळू तर मी रोज तेलानं भरते!"

इथं आपल्या मराठीनं घोटाळा केलाय. डोक्यावरची धडधडणारी मऊ जागा तीही टाळू, आणि तोंडाचं छत तेही टाळू. आजी भरते ती वरची. डॉक्टर म्हणतात ती आतली. व्याकरणात तुम्ही तालव्य वर्ण शिकलात ना, च, छ, ज, झ? ते जिथून उच्चारतात ते हे छत. जिभेचा शेंडा पुढून मागं फिरवा. पुढं टणक लागेल, मागं मऊ. त्या मऊ भागाच्या टोकाला पडजीभ लोंबते. बाळाचा ओठ अगदी छान आहे, टणक टाळूही छान आहे. फट आहे ती फक्त मागच्या मऊ भागात, आणि पडजीभही दुभंगलेली. ओठ फाटलेला असला तर जन्मल्याबरोबर सगळ्यांना दिसतो. ही आतली फट जिभेआड लपते आणि कितीतरी वेळा नजरेतून सुटते. तुम्ही मघाशी वाचलंत, गिळताना मऊ टाळू वर उठून नाकाचं दार बंद करते. दारालाच भगदाड असेल तर दूध नाकात जाणारच.

पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. ती कळायला तुम्ही रसवंतीवर जा. एक प्लॅस्टिकची नळी घ्या, तिला मधोमध टाचणीनं चांगलं मोठं भोक पाडा, आणि भोक रसाच्या वर राहील असं धरून उसाचा रस ओढून पाहा. गाल दुखेपर्यंत ओढा. हवाच येईल, रस येणार नाही. आला तरी फुर्र फुर्र करत घोटभर. रस भरपूर आहे, तुम्हाला तहान आहे, ओढायची ताकद आहे. फक्त नळीला भोक आहे. बाळाचं नेमकं हेच होत होतं. ओढायला तोंड बंद पोकळीसारखं व्हावं लागतं, आणि इथं छतालाच भोक. तास तास ओढून बाळ दमायचं, घामेजायचं आणि अर्धपोटी झोपायचं. ताईला दूध कमी नव्हतं.

आणि ग्रहण? तेही डॉक्टरांनीच काढलं, कारण अशा प्रत्येक घरात ते कुणीतरी मनात धरून बसलेलं असतं हे त्यांना माहीत असतं. टाळू बनते कशी, तर दाराच्या दोन फळ्यांसारखे दोन भाग दोन्ही बाजूंनी वाढत येतात आणि मधोमध जुळतात. हे जुळणं आई गरोदर राहिल्यापासून तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला पुरं होतं. सातव्या महिन्यात भाजी चिरा नाहीतर लाकडं फोडा, जुळलेली टाळू उकलत नाही आणि न जुळलेली जुळत नाही. ओठ किंवा टाळू दुभंगलेलं मूल साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एक जन्मतं, ग्रहण असलेल्या वर्षीही आणि नसलेल्या वर्षीही. काही वेळा ते घराण्यात असतं, कित्येकदा नेमकं कारण सांगताच येत नाही. डॉक्टर हे सांगताना आजीकडं नाही, ताईकडं बघत होते. आजी मात्र ऐकत होती. बराच वेळ ती काही बोलली नाही.

मग उपाय काय? फट शिवता येते. पण आज नाही. त्यासाठी बाळ साधारण नऊ महिन्यांचं ते दीड वर्षाचं व्हावं लागतं, वजन आणि रक्त पुरेसं असावं लागतं. म्हणजे शस्त्रक्रियेपर्यंतचा रस्ता पोटातूनच जातो. आधी हे बाळ जगवायचं, वाढवायचं. आणि ते ओढू शकत नाही!

डॉक्टर म्हणाले, आईचं दूध काढून चमच्यानं किंवा चोच असलेल्या वाटीनं पाजा. नर्सबाईंनी ती वाटी आणून दाखवली. पणतीसारखी खोलगट, एका बाजूला निमुळती चोच. त्यांच्या पुस्तकात तिचं दक्षिणेकडचं नाव छापलं होतं, 'पलडई'. आजीनं वाटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "हे तर बोंडलं हाय! हिच्या मायला मी ह्यानंच पाजलंय."

बरोबर. बोंडलंच ते. तुमच्याही माळ्यावर जुन्या भांड्यांत एखादं पितळेचं नाहीतर चांदीचं सापडेल. बाटलीचं रबरी बूच धुवायला कठीण, त्यात जंतू लपतात. बोंडलं उघडं असतं, उकळून स्वच्छ होतं. म्हणून नवजात बाळांच्या कक्षात त्याला मान आहे. ग्रहणाच्या बाबतीत आजी चुकली होती, बोंडल्याच्या बाबतीत ती सगळ्यांच्या पुढं निघाली. पण तिलाही नर्सबाईंनी दोन गोष्टी नव्यानं शिकवल्या. बाळाला आडवं निजवून ओतायचं नाही, उभं-तिरपं धरायचं. आणि धार धरायची नाही. चोच ओठाला टेकवायची, थोडं दूध द्यायचं, बाळानं गिळलं, श्वास घेतला, मग पुढचं. घाई बाळानं करायची, आपण नाही. मधे मधे ढेकर काढायची, कारण असं बाळ दुधाबरोबर हवाही फार गिळतं.

एक शंका मात्र डॉक्टरांच्या मनात उरली होती. छाती वाजत होती. दूध नुसतं नाकात जातंय की श्वासनलिकेतही? ठसका लागतो तेव्हा निदान कळतं. काही बाळं ठसका न लागताच दूध छातीत घेतात आणि वारंवार न्यूमोनियानं आजारी पडतात. हे पाहायचं कसं? गळा तर बंद डबा!

याचं उत्तर एका हंसानं दिलं. १८९५ साली राँटगेननं क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डच्या पहिल्या वर्षातल्या वॉल्टर कॅनन नावाच्या विद्यार्थ्याला वाटलं, या किरणांनी घास उतरताना बघावा. आधी कुत्र्यानं गिळलेलं बटण पाहिलं. मग लांब मानेचा हंस आणला. त्याला खोक्यात बसवून मान ताठ राहावी म्हणून गळ्याभोवती पुठ्ठ्याची कॉलर घातली आणि बिस्मथ या धातूचं संयुग कालवलेलं खाणं दिलं. बिस्मथ क्ष-किरणांना अडवतं, म्हणून काळा घास मानेतून घरंगळताना पडद्यावर दिसला! (किरणांचा धोका तेव्हा ठाऊक नव्हता. कॅननला पुढं त्याचा त्रास भोगावा लागला.) आज बिस्मथऐवजी बेरियम वापरतात. बाळाच्या दुधात ते थोडं मिसळतात, अगदी थोडा वेळ किरण सोडतात आणि प्रत्येक घोटाचा सिनेमा काढतात. मग तो सिनेमा सावकाश पुढं-मागं करून बघतात. सोबत असतात त्या वाचा-उपचारतज्ज्ञ. बोलायला शिकवणाऱ्याच बहुधा गिळायलाही शिकवतात, कारण दोन्हीची हत्यारं तीच. तुमच्या भाच्याच्या सिनेमात दिसलं की सरळ धरून, थोडं थोडं दिलं तर श्वासनलिकेचं झाकण अगदी वेळेवर पडतंय. आडवं असताना आणि घाईत मात्र थोडं दूध चुकीच्या वाटेला जातंय. म्हणजे नर्सबाईंचे दोन नियम हेच औषध. बाटलीभर सिरप नाही मिळालं म्हणून दाजी जरा हिरमुसले, पण ते असो.

(दुर्बिणीची नळी या बाळाला लागली नाही. ती पाहायची तुमची फार इच्छा होती, हे मला ठाऊक आहे. काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येतं हे ज्यांनी दाखवलं त्यांच्यात पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी होते. १९५४ सालची ती गोष्ट. त्यातूनच वाकणारी दुर्बीण निघाली. हेच डॉक्टर तिच्यातून मुलांनी गिळलेली नाणी आणि घड्याळाचे सेल बाहेर काढतात. सेल फार वाईट. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही भाजतो. घरात रांगतं बाळ असेल तर रिमोटचं झाकण घट्ट आहे ना ते आजच बघा.)

परत आलात की पुढचे महिने खरं काम घरीच आहे. दर तीन तासांनी दूध काढणं, बोंडलं उकळणं, पाजणं, ढेकर, लंगोट. रात्रीही. ताई आणि आजी पाळ्या लावतात. तुमच्याकडं वहीचं काम असतं. तारीख, वेळ, किती चमचे. आशाताई अठ्ठाविसाव्या दिवशी आल्या तेव्हा काटा थोडा सरकला होता. बेचाळिसाव्या दिवशी तीन किलोच्या पुढं. सहा महिन्यांनी उष्टावण झालं, आणि खीर थोडी नाकातून आली तेव्हा कुणी घाबरलं नाही.

शस्त्रक्रियेचा खर्च ही दाजींची मोठी काळजी. तुमच्या शाळेत वर्षातून एकदा डॉक्टरांची गाडी येते, डोळे, दात, वजन बघते. ते पथक २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. त्यांच्या यादीत दुभंगलेला ओठ आणि टाळूही आहे. अशी मुलं शोधून त्यांची शस्त्रक्रिया मोफत करवून द्यायची, हे त्यांचं कामच आहे. तुमच्या वर्गात ओठावर बारीक शिवणीची खूण असलेला कुणी असेल, तर त्याच्या घरातही कुणीतरी अशीच वही लिहिली असेल.

आता मामाचं काम. नाक चिमटीत घट्ट धरा आणि 'पपई' म्हणा. आलं ना? आता तसंच नाक धरून 'मामा' म्हणा.

'बाबा' झालं!

'म' म्हणायला हवा नाकातून जावी लागते. 'ब' आणि 'प' म्हणायला नाकाचं दार बंद लागतं. टाळू दुभंगलेल्या बाळाचं दार बंदच होत नाही, म्हणून त्याचं नेमकं उलटं होतं. ते 'बाबा' म्हणायला जातं आणि ऐकू येतं 'मामा'. म्हणून तर बोलणं पक्कं होण्याआधी फट शिवायची घाई करतात. समजा, तुमचा भाचा अकरा महिन्यांचा आहे, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे, आणि तो दिवसभर 'मामा, मामा' करत घरभर रांगतो आहे. तुम्ही शाळेत सगळ्यांना सांगून आलात की त्याचा पहिला शब्द मामा. दाजी गप्प बसून ऐकून घेतात. त्यांना डॉक्टरांनी सगळं समजावलेलं आहे. टाके भरले, वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंची शिकवणी झाली, की हा 'मामा' बदलणार आहे, आणि त्या दिवसाची ते वाट बघताहेत.